हिब्रू अन् ग्रीक खरंच एका आईच्या लेकी हायेत काय? शब्द तर लय जुळून रायले

कास्तकार_दर्यापूर

राजेहो नमस्कार. माझं गावात कृषी केंद्र हाय, भाषेशी माझा संबंध म्हणजे औषधाच्या डब्यावरचं बारीक अक्षर गिऱ्हाईकाले वाचून देण्यापुरता. पण सध्या पाऊस लागून हाय, फवारण्या अडकल्या, दुकानात माशी बी फिरकत नाही म्हणून मोबाईल पाहत बसतो. साळ्यानं एक व्हिडिओ पाठवला. त्यात एक जण ठासून सांगते का हिब्रू अन् ग्रीक या मुळात एकच भाषा, ग्रीक म्हणजे हिब्रूचंच बिघडलेलं रूप, अन् पुरावा म्हणून शब्दांच्या जोड्याच्या जोड्या काढून दाखवते. सोन्याले हिब्रूत हारुत्स, ग्रीकमंधी ख्रुसोस. अंगातल्या सदऱ्याले कुत्तोनेत अन् खितोन. जिऱ्याले कम्मोन अन् कुमिनोन. शिंगाले केरेन अन् केरास. द्राक्षाच्या दारूले यायिन अन् ओइनोस. सातले शेवा अन् हेप्ता. अशा निरा रांगा लावल्या त्यानं.

मी साळ्याले म्हटलं, बाबू जुळते तर खरं, पण आपल्याकडं टेबल बी इंग्रजीशी जुळते, मंग मराठी काय इंग्रजीची पोरगी झाली काय? तर थो म्हणे टेबल कालचं हाय भाऊजी, हे शब्द तीन हजार वर्षांचे हायेत. तिथं माही बोलती बंद.

तर जाणकारांनी सांगा, नुसते शब्द जुळणं अन् भाषा नात्यातली असणं, यातला फरक ओळखाचा कसा? अन् या जोड्यांतल्या खऱ्या किती अन् वढूनताणून बसवलेल्या किती? साधं करून सांगजा, मी बारावी सायन्स हाय, अल्फा बीटा थीटाच्या पुढं ग्रीक येत नाही मले.

पोट्टा_अकोटचा

व्हिडिओच्या शेवटी कोर्सची फी सांगतली का त्यानं? सांगतली असन तर उत्तर तिथंच भेटलं भाऊ.

निवृत्त_मास्तर_अमरावती

कास्तकार भाऊ, तुमचा टेबलचा मुद्दा बरोबर होता, तुम्ही उगाच सोडला. तीन हजार वर्षांपूर्वी लोक काय शेजाऱ्याकडून उसनं घेत नव्हते? उसनं कितीही जुनं झालं तरी त्यानं सोयरीक होत नाही.

आधी हे सांगतो की त्या माणसानं जोड्या बनवलेल्या नाहीत. बऱ्याचशा खऱ्या आहेत, अभ्यासकांनी मान्य केलेल्या आहेत. निष्कर्ष तेवढा त्यानं भलता काढला. हिब्रू ही सेमिटिक घराण्यातली, अरबी, अरामी, बॅबिलोनकडची जुनी अक्कादी, लेबनॉनच्या किनाऱ्यावरची फिनिशियन ह्या तिच्या बहिणी. ग्रीक आहे इंडो-युरोपियन, म्हणजे संस्कृत, फारसी, लॅटिन यांच्या घरातली. म्हणजे नातं काढायचंच झालं तर ग्रीक ही हिब्रूपेक्षा तुमच्या आमच्या वऱ्हाडीला जवळची निघते, हे साळेबुवांना बसवून सांगा, एकदम सांगू नका.

आता ओळखायचं कसं. व्हिडिओतल्या जोड्या कशाच्या आहेत ते बघा, सोनं, सदरा, जिरं. त्यात मी भर घालतो, उंट हिब्रूत गामाल अन् ग्रीकमध्ये कामेलोस, पोतं हिब्रूत सक अन् ग्रीकमध्ये साक्कोस, तेच लॅटिनमार्गे इंग्रजीत सॅक होऊन बसलं. दालचिनी किन्नामोन अन् किन्नामोमोन, आणि हा शब्द आपण फिनिशियन लोकांकडून घेतला असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात स्वतःच लिहून गेला. सगळा बाजार आहे हा. वस्तू गलबतातून उतरली, तिच्यासोबत नाव उतरलं.

आता बाजार सोडून घरात या. पाणी हिब्रूत मायिम, ग्रीकमध्ये हुदोर, आपलं उदक आठवा. नाव शेम, ग्रीकमध्ये ओनोमा, आपलं नाम. पाय रेगेल, ग्रीकमध्ये पोद-, आपलं पद. आई एम, ग्रीक मेतेर, बाप आव, ग्रीक पातेर, इथं संस्कृत सांगायची गरज नाही. रात्र लायला, ग्रीकमध्ये नुक्त-, संस्कृतात नक्त. मोजायला लागा, दोन तीन पाच आठ दहा, ग्रीक म्हणतो दुओ, त्रेइस, पेंते, ओक्तो, देका आणि हिब्रू म्हणते श्नायिम, शालोश, खामेश, श्मोने, एसेर. कोण कोणाच्या घरचं हे शाळेतलं पोर सांगेल.

आणि नुसतं सारखं दिसणं हा पुरावाच नसतो. मलय भाषेत डोळ्याला माता म्हणतात, आजच्या ग्रीकमध्ये डोळ्याला माती म्हणतात (आपल्याला दोन्ही वाचून भलतंच आठवतं), त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. ग्रीक थेओस आणि आपला देव, अर्थ एक, तोंडावळा एक, तरी मूळ वेगवेगळं. नात्याचा पुरावा म्हणजे नियमानं होणारा फरक. संस्कृतात शब्दाच्या सुरुवातीला स असला की ग्रीकमध्ये तिथं ह सापडतो, सप्तचं हेप्ता, समचं होमोस, सर्पातला सृप् आणि ग्रीकचं हेर्पो म्हणजे सरपटणं. एक शब्द नाही, शब्दामागून शब्द असा. विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिनचं एक मूळ असावं असं भाषण केलं, नंतरच्या लोकांनी शंभर वर्षं घासून हे नियम बसवले. हिब्रू आणि ग्रीकमध्ये असा नियम अजून कोणाला बसवता आलेला नाही, कितीही जणांनी डोकं आपटलं तरी.

शेख_परतवाडा

मास्तर सर लाखातली बात बोलले. मी मदरशात लहानपणी अरबी शिकलो, थोडीफार अजून ध्यानात हाय. सरांनी जे हिब्रू शब्द दिले ना, घरातले, ते वाचून मले तर आपल्याच गल्लीत आल्यासारखं वाटलं. आव म्हणजे अरबीत अब, एम म्हणजे उम्म, शेम म्हणजे इस्म, लायला म्हणजे लैल, रमजानातली लैलतुल कद्र त्यातलीच. अन् इथं नियम बी दिसते पाहा, हिब्रूत श असला का अरबीत स येते, शालोम सलाम, लाशोन लिसान म्हणजे जीभ, शेमेश शम्स म्हणजे सूर्य (यात मागचाच बदलला, पुढचा श तसाच रायला). शिवाय धातू तीन अक्षरांचा, क त ब घेतला का किताब, कातिब, मकतब, सगळं त्याच्यातूनच निघते, हिब्रूत बी तसंच चालते म्हणतात. ग्रीकमंधी असं आहे का सर?

अन् लोबानाचं कोणीच काहून काढलं नाही? उरसात दर्ग्यावर जे जाळतात, लेकराची नजर उतरवाले हिंदू बायाबी नेतात आमच्याकडून, थे. अरबीत लुबान.

निवृत्त_मास्तर_अमरावती

शेखभाई, हाच नमुना मी शोधत होतो. लोबान हिब्रूत लेवोना, ग्रीकमध्ये लिबानोस. आता उसनं कोणी कोणाकडून घेतलं हे कसं कळतं ते यात साफ दिसतं. सेमिटिक भाषांत ल ब न हा धातू पांढऱ्या रंगाचा आहे, हिब्रूत लावान म्हणजे पांढरा, अरबीत लबन म्हणजे दूध नाहीतर ताक, लेबनॉनचा डोंगर बर्फानं पांढरा म्हणून लेबनॉन. झाडाचा चीक वाळून पांढुरका होतो म्हणून लेवोना. हिब्रूत त्या शब्दाला आजा पणजा आहे, भाऊबंद आहेत. ग्रीकमध्ये लिबानोस एकटा उभा आहे, त्याच्या मागंपुढं कोणी नाही. ज्याच्या घरात शब्दाचं गणगोत सापडतं, शब्द त्याचा, ही पहिली कसोटी.

तीन अक्षरी धातूची पद्धत ग्रीकमध्ये नाही. तिथं आपल्यासारखं मागं प्रत्यय लागतात, विभक्त्या चालतात, संस्कृतासारखं द्विवचनसुद्धा होतं.

आता जुनेपणाचं. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस नावाच्या माणसानं, जो पेशानं आर्किटेक्ट होता, क्रीट बेटावर आणि ग्रीसमध्ये सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरची लिनिअर बी ही लिपी वाचली. निघालं ते काय, तर ग्रीकच, पण इसवी सनापूर्वी तेराव्या चौदाव्या शतकातली, महालाच्या कोठारातल्या नोंदी, आपल्या सोसायटीच्या स्टॉक रजिस्टरसारख्या, किती मेंढ्या किती तेल. त्या पाट्यांवर कु-रु-सो म्हणजे सोनं आहे, कि-तो म्हणजे सदरा आहे, सा-सा-मा म्हणजे तीळ आणि कु-मि-नो म्हणजे जिरं आहे. म्हणजे हे शब्द ग्रीकांनी उचलले तेव्हा हिब्रू बायबल लिहिलंसुद्धा गेलेलं नव्हतं. तेव्हा देणारी भाषा हिब्रू नव्हे, किनाऱ्यावरच्या तिच्या मावश्या आणि बहिणी. हिब्रू आपल्याला बायबलमुळे माहीत असते म्हणून आपण प्रत्येक ठिकाणी तिचं नाव लावतो, एवढंच.

तुमचं अल्फा बीटासुद्धा फिनिशियनच आहे कास्तकार भाऊ. आलेफ म्हणजे बैल, बेत म्हणजे घर, दालेत म्हणजे दार. ग्रीकांना त्या शब्दांचा अर्थ नव्हता, त्यांनी अक्षर घेतलं, नाव घेतलं आणि त्यांच्या तोंडात न बसणाऱ्या घशातल्या व्यंजनांची अक्षरं स्वरांसाठी वापरून टाकली. आलेफचा अ झाला, आयिनचा ओ झाला. अल्फाला ग्रीकमध्ये बैल म्हणत नाहीत, पुन्हा तीच कसोटी.

वेदवाणी_वर्धा

इतकं सगळं लिहिलं पण मूळ कुठं आहे ते कोणीच बोलत नाही. सप्त पासून हेप्ता आणि शेवा. आपलं नलद, म्हणजे जटामांसी, हिब्रूत नेर्द आणि ग्रीकमध्ये नार्दोस. आपलं कर्पास हिब्रूत कर्पास. सगळ्या भाषा संस्कृतातूनच निघाल्या हे मान्य करायला लोकांना जड का जाते समजत नाही.

कास्तकार_दर्यापूर

थांबा थांबा, कर्पास म्हणजे कापूस? आपला कापूस हिब्रूत हाय? वेदवाणी दादा हे खरं असन तर माह्या दुकानाच्या पाटीवर लिहून ठेवतो.

निवृत्त_मास्तर_अमरावती

कापसाचं खरं आहे, आणि नलदाचंही. वेदवाणीजी, तुमची उदाहरणं चोख आहेत, पण ती उसनवारीचीच आहेत, जटामांसी हिमालयातून गेली आणि कापड आपल्याकडून गेलं. त्यावरून हिब्रू संस्कृतातून निघाली म्हणणं म्हणजे साळेबुवांचा व्हिडिओच उलटा करून लावणं झालं.

बायबलात एस्तेरचं पुस्तक आहे, गोष्ट इराणच्या बादशहाच्या दरबारात घडते, शूशन नगरीत. पहिल्याच अध्यायात, सहाव्या ओवीत मेजवानीच्या मांडवाचं वर्णन येतं, पांढरे आणि निळे पडदे, संगमरवरी खांबांना चांदीच्या कड्यांनी अडकवलेले. त्या पांढऱ्या तलम कापडासाठी शब्द आहे कर्पास. सगळ्या हिब्रू बायबलात या अर्थानं तो एवढ्या एकाच जागी आलेला आहे. संस्कृतातून फारसीत, फारसी दरबारातून हिब्रूत अशी त्याची वाट धरतात. ग्रीकमध्ये तोच कार्पासोस. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, त्यात भडोचच्या आसपासच्या मुलखात गहू, तांदूळ, तिळाचं तेल, तूप आणि कार्पासोस पिकतो असं आहे, पैठण आणि तेर इथून गाड्यांवर माल भडोचला उतरतो हेही आहे. म्हणजे एकच शब्द हिब्रूत आणि ग्रीकमध्ये दोन्हीकडे आहे आणि तो दोघींचाही नाही. व्हिडिओवाल्याला ही जोडी सापडली असती तर त्यानं पहिल्या नंबरला लावली असती.

एक सावधगिरी. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणाच्या ताटात मिठाच्या पाण्यात बुडवून खायची एक हिरवी भाजी असते, तिचं नावही कर्पास. तिचा कापसाशी संबंध नाही, तो वेगळाच शब्द आहे, नाहीतर उद्या कोणी पराटीची भाजी करून खाईल.

मेळघाट_फिरस्ता

मास्तरांच्या पुढं बोलायची हिंमत नाही पण कर्पासाबद्दल एक सांगतो. संस्कृत कर्पास सुद्धा मुळात संस्कृतचाच का, याबद्दल अभ्यासकांत वाद आहे, काही जण तो ऑस्ट्रोएशियाटिक घराण्यातून संस्कृतात आला म्हणतात. त्या घराण्यातली एक भाषा आपल्या धारणी चिखलदऱ्यात रोज बोलली जाते, कोरकू. आता लावा पाटी.

मी नोकरीच्या निमित्तानं मेळघाटात फिरतो. एका बाजारात कोरकू ऐकू येते, गोंडी ऐकू येते, मराठी हिंदी तर आहेच. कोरकू मुंडा शाखेची, गोंडी द्रविड, मराठी इंडो-युरोपियन, तीन वेगळी घराणी एकाच पालाखाली कांदे घेऊन बसलेली असतात अन् शब्द इकडचे तिकडं चाललेले असतात. कोणी म्हणणार नाही की कोरकू अन् मराठी एका आईच्या. मग ग्रीक अन् फिनिशियन तर समुद्रावरचे शेजारी, त्यांचं काय नवल.

कास्तकार_दर्यापूर

बाजाराच्या शब्दांचं पटलं मले, सोनं जिरं लोबान समदं पटलं. पण साळ्याले फोनवर सांगतलं तर थो सातवर अडून बसला. थो म्हणे आकडे कोणी उसने घेते काय? जिरं बाहेरून येईन, सात काय गलबतात बसून आला? शेवा अन् हेप्ता कसे जुळले मंग सांगा.

मेळघाट_फिरस्ता

भाऊ लहानपणी इटीदांडू खेळले का? वकट, लेंड, मूंड, नाल असंच मोजत होते ना? आता तेलुगू माणसाला एक दोन तीन चार म्हणायला सांगा, ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पुऱ्या महाराष्ट्रातली पोरं द्रविडी आकड्यात दांडूनं अंतर मोजत होती अन् कोणाच्या बापाला पत्ता नव्हता.

ते खेळातलं झालं म्हणाल तर आणखी ऐका. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या अंगाला निहाली नावाची भाषा आहे, बोलणारे जेमतेम काही हजार. जगातल्या कुठल्याच घराण्यात तिला बसवता येत नाही, एकटी आहे. तिच्यात कोरकूचे शब्द रगड, मराठीचे बी आहेत. अन् तिचे आकडे पाहा, दोन तीन चार आहेत इरार, मोथो, नालो, हे द्रविडी वळणाचे, अन् पाचच्या पुढं आपल्या मराठी हिंदीसारखे. आकडे उसने घेत नाही म्हणणाऱ्याला जळगाव जामोदची एसटी पकडून द्या.

पोट्टा_अकोटचा

आबे निहाली आमच्या इतक्या जवळ हाय अन् मले आज इथं कळलं. शाळेत फ्रान्सची राजधानी पाठ करून घेतली निरा.

निवृत्त_मास्तर_अमरावती

फिरस्ते, तुम्ही माझं अर्धं काम केलं. निहालीवर कायपर नावाच्या डच अभ्यासकानं १९६२ मध्ये पुस्तक काढलं, आमच्या विद्यापीठात त्याचं नाव घेणारे दोनचार जण होते तेव्हा.

सातचं मात्र मी झटकून टाकणार नाही, तिथं खरंच पाणी मुरतं आहे. दोन भाषा ताडून पाहायच्या तर आजची रूपं घ्यायची नाहीत, जितकं मागं जाता येईल तितकं मागं जायचं. हेप्ताच्या मागं गेलं की ह चा स होतो, म्हणजे सेप्त-. शेवाच्या मागं गेलं की शब्अ सारखं काही मिळतं, शेवटी घशातला आयिन, अरबी सबआ त्याचाच. म्हणजे मागं जाल तसं ते आणखी जवळ येतात. म्हणूनच काही मोठे अभ्यासक म्हणतात की फार पूर्वी, ग्रीक आणि संस्कृत वेगळ्या व्हायच्याही आधी, त्यांच्या मूळ भाषेनं सात हा आकडा सेमिटिक लोकांकडून घेतला असावा. सगळ्यांना ते पटत नाही.

आता सहाला तोच न्याय लावून पाहा. हिब्रू शेश आणि संस्कृत षष्, अगदी जुळे भाऊ वाटतात. पण शेशच्या मागं गेलं की मधे द आणि थ सारखे आवाज निघतात, अरबीत सित्ता आहे आणि क्रमवाचक सादिस, त्यात तो द अजून शिल्लक आहे. म्हणजे मागं जाल तसं साम्य विरत जातं. सात आणि सहा दोन्ही वरून सारखेच पटतात, खोदलं की एक टिकतो, दुसरा ढासळतो. व्हिडिओ करणारा माणूस खोदत नाही, वरचं वरचं खुरपून पुढं जातो, माझा राग तेवढ्यावरच आहे.

शिंगाचं, केरेन आणि केरास. इथं केरासला स्वतःच्या घरात गणगोत आहे, डोक्यासाठी जो जुना धातू होता त्यातून आपलं शिर, आपलं शृंग म्हणजे शिंग, लॅटिनचं कोर्नू, इंग्रजीतलं हॉर्न हे सगळे निघाले. सेमिटिकमध्येही कर्न घरचाच आहे, अक्कादीत कर्नू. दोन्हीकडे आजा पणजा हजर. मग एक तर योगायोग, नाहीतर इतकी जुनी देवाणघेवाण की तिचा माग लागत नाही. मी योगायोगाकडे झुकतो, पण पैज लावणार नाही.

वाइनचं आणखी मजेदार. यायिनच्या मागं वाय्न आहे, ओइनोसच्या मागं वोइनोस आहे, हित्ती भाषेत वियाना, जॉर्जियन भाषेत घ्विनो. जॉर्जियातल्या मडक्यांत सुमारे इसवी सनापूर्वी ६००० च्या वाइनचे अंश सापडलेले आहेत. द्राक्ष आणि तिची दारू त्या काकेशसच्या बाजूनं पसरली, शब्दही कोण्या एकाच्या तोंडून निघून सगळीकडे फिरला असणार. पहिला कोणाचा याचा निकाल लागलेला नाही, लागेल असं मला वाटतही नाही.

खरेदीविक्री_मूर्तिजापूर

मी जमिनीच्या व्यवहाराचे कागद लिहितो, मास्तरांनी आमच्या धंद्यातला शब्द सोडला म्हणून लिहितो. आमच्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आहे. व्यवहार ठरला की आपण इसार देतो की नाही, कोणी बयाणा म्हणते, त्याला हिब्रूत एरावोन, ग्रीकमध्ये अर्राबोन. उत्पत्तीच्या ३८ व्या अध्यायात यहूदा तामारला शेळीचं करडू द्यायचं कबूल करते पण हातात करडू नाही, तर ती म्हणते तोवर एरावोन ठेव, अन् काय मागते तर त्याचा शिक्का, त्या शिक्क्याची दोरी अन् हातातली काठी. पक्की बाई होती, शिक्काच ठेवून घेतला म्हणजे पुढं नाही म्हणायची सोयच नाही. आमच्याकडे तर लोक इसारपावतीवर अंगठा द्यायलेबी का कू करतात.

निवृत्त_मास्तर_अमरावती

वा, हा तर मुकुटमणी आहे. फिनिशियन सावकारांसोबत तो ग्रीक बाजारात गेला, नव्या करारात पौलाच्या पत्रांत येतो, आणि आजच्या ग्रीकमध्ये आर्रावोनास म्हणजे साखरपुडा. इसाराचा साखरपुडा झाला, व्यवहार तोच. इथंही गणगोताची कसोटी लावा, हिब्रूत त्याच धातूतून आरेव म्हणजे जामीनदार आहे, ग्रीकमध्ये शब्दाला पुन्हा कोणी नाही.

वेदवाणी_वर्धा

ठीक आहे पण मग सगळं ग्रीकांनीच घेतलं का? दिलं काहीच नाही? अलेक्झांडर तर तिकडूनच आला होता.

निवृत्त_मास्तर_अमरावती

दिलं ना, पण नंतर. अलेक्झांडर त्या भागात इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये आला, त्यानंतर ग्रीक ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि उलटी गंगा सुरू झाली. कचेरी, कोर्ट, नाट्यगृह, असले शब्द. यहुद्यांची मोठी न्यायसभा सन्हेद्रिन, ती ग्रीक सुनेद्रिओन म्हणजे एकत्र बैठक. आरोप करणारा वकील कातेगोर, बचाव करणारा सानेगोर, दोन्ही ग्रीक, आणि सानेगोर आजही इस्रायलच्या कोर्टात उभा राहतो. हवेसाठी अविर, ग्रीक आएर. दानिएलच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात राजाच्या मूर्तीपुढं वाजणाऱ्या वाद्यांची नावं आहेत, त्यात कितारोस, पसंतेरिन, सुम्पोनिया ही सरळ ग्रीक आहेत. तो भाग हिब्रूत नसून अरामीत आहे, पण मुद्दा तोच.

आणि वेदवाणीजी, तुमच्यासाठी खास एक ठेवला होता. हिब्रूत जोडीला झूग म्हणतात, नवराबायकोच्या जोडीलाही. तो ग्रीक झुगोन, झेउगोस यावरून आला, म्हणजे बैलांच्या मानेवरचं जू आणि जुंपलेली जोडी. आणि ग्रीक झुगोन हा संस्कृत युगचा सख्खा भाऊ, आपलं जू तिथलंच. तेव्हा हिब्रूतला झूग आणि वऱ्हाडातलं जू यांचं नातं आहे, पण ते ग्रीकच्या मार्फत लागतं, सरळ नाही.

शेख_परतवाडा

अरबीत जोडीले जौज म्हणतात, निकाहनाम्यात जौज जौजा असते. हे बी त्यातलंच काय सर?

निवृत्त_मास्तर_अमरावती

त्यातलंच, ग्रीकमधून अरामीत आणि अरामीतून अरबीत गेलं असं मानतात. आपल्या तालुक्यात निकाह लागतो तिथं जू हजर आहे म्हणा.

कास्तकार_दर्यापूर

साळ्याले समदे मेसेज कॉपी करून पाठवले. सातवर अजून बी अडून हाय पण पोत्यावर अन् इसारावर गप झाला, त्याचा प्लॉटचा इसार अडकून हाय एका ठिकाणी म्हणून असन. मले मात्र आता शिकावं वाटून रायलं. दोन्हीतली आधी कोणती धरू? अन् सुरुवात कुठून करू?

निवृत्त_मास्तर_अमरावती

ग्रीक धरा. बारावी सायन्सवाल्याला २४ पैकी अर्ध्याहून जास्त अक्षरं आधीच ओळखीची असतात आणि विभक्त्या पाहून शाळेतलं संस्कृत आठवेल, देवः देवम् देवेन तसंच चालतं. हिब्रूत २२ अक्षरं, उजवीकडून डावीकडे, आणि स्वर बहुधा लिहीतच नाहीत, ते वाचणाऱ्यानं आपल्या पदरचे घालायचे. शेखभाई जवळ असतील तर हिब्रूसाठी आधी त्यांच्याकडून अरबी अक्षरं अन् धातू बसवून घ्या, निम्मी मेहनत वाचेल.

शेख_परतवाडा

रविवारी बाजाराच्या दिवशी या परतवाड्याले, दुपारी दुकान खाली रायते. येताना तुरीवरच्या अळीचं काहीतरी औषध घेऊन येजा, पैसे देतो.